कोरडी कामं

“गिरणीतल्या माणसांक वालाचा बिरडा! सोलून सोलून माझी नखां झिजली. त्यापरीस दोन टोपल्ये बांगडे आणले असते तर जेवण तरी झाला असता!”

गंगुबाईची ही कुरकुर खोलीभर ऐकू जाण्यासारखी नव्हती. ती शेवंताच्या कानापासून वीतभर अंतरावर चालली होती, कारण दोघी एकाच खांबाला टेकून बसल्या होत्या. गंगुबाई खांबाच्या आतल्या अंगाला, शेवंता दाराकडच्या. गंगुबाईच्या पुढ्यात परातभर भिजलेले, मोड आलेले वाल. शेवंताच्या पुढ्यात सुपात तांदूळ. वाल चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि आतली डाळिंबी टुणकन परातीत पडते. सकाळपासून ते टुणटुण ऐकून शेवंताची बोटं नुसती शिवशिवत होती.

“द्या थोडे इकडं,” ती म्हणाली. “माझे तांदूळ होत आले. मी सोलते.”

गंगुबाईनं परात स्वतःकडे दोन बोटं ओढली. फार नाही, दोनच बोटं. “नको गो बाय. तू तांदूळच निवड. तुझ्यासारखे खडे कोणाक दिसतत?”

शेवंतानं पुन्हा सुपात डोकं घातलं. खडे आता उरलेच नव्हते. पण सूप खाली ठेवलं तर पुढं काय करायचं हा प्रश्न होता, म्हणून ती निवडलेले तांदूळच परत निवडू लागली.

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्यावर महिला मंडळाची ही लांबडी खोली. जूनपासून इथं पाकशास्त्राचा वर्ग चालला होता. अकरा बाया. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा गिरणीतून सुटलेला, कुणाचा देवाघरी. आणि आज, नोव्हेंबरातल्या या सोमवारी, सगळ्यांचाच निकाल लागायचा होता. जवळच्या एका गिरणीचं कँटीन चालवायला माणसं हवी होती. मंडळानं अर्ज केला होता, साहेब लोक म्हणाले होते की आधी साठ माणसांचं जेवण करून दाखवा. पसंत पडलं तर कँटीन मंडळाचं, आणि अकराच्या अकरा बायांना महिन्याच्या महिन्याला पगार. नाही पडलं तर चकल्यांचे डबे घेऊन दारोदार फिरणं होतंच.

शेवंताला हा पगार फार हवा होता. तिचा नवरा जगन गिरणीत बदली कामगार. सकाळी दारात जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असलं तर आत घेणार, नाहीतर हात हलवत परत घोडपदेवला. या महिन्यात तो पाच दिवस आत गेला होता. त्याचे रिकामे हात बघून बघून शेवंतानं वर्गात नाव घातलं होतं.

नाव घालायला गेली तो दिवस तिला अजून आठवत होता. वर्ग चालवणाऱ्या कमळाबाई ठाकूरद्वारहून ट्रामनं यायच्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, खादीची पांढरी नऊवारी, आणि आवाज असा की रागावल्या तरी दूध घालून रागावल्यासारखं वाटावं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, पत्ता.

“धर्म?”

“बौद्ध.”

बाईंनी मान वर केली आणि हसल्या. छान हसल्या. पुढचा रकाना जातीचा होता.

“तिथं काय नाय लिवायचं,” शेवंता म्हणाली. “ती गेल्या डिसेंबरात दादरला सोडून आलो आम्ही.”

बाईंनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. काही विचारलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, नुसती सरळ, नीट रेघ. त्या दिवशी शेवंता लालबागहून घोडपदेवपर्यंत त्या रेघेवरूनच चालत गेली म्हणा ना. पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढे पुढे तिच्या लक्षात यायला लागलं, की ती रेघ कागदावर राहिली नव्हती. ती त्या खांबापाशी येऊन बसली होती.

खोलीत एक फळा होता. रोज सकाळी बाई त्यावर खडूनं कामं वाटून द्यायच्या. भात – शैला. आमटी – चंपा. भाजी – बकुळा. आणि सगळ्यांत खाली: कोरडी कामं – शेवंताबाई. रात्रशाळेत अक्षरं गिरवलेली शेवंता पहिल्या दिवशी स्वतःचं नाव वाचून हरखली. त्यात फळ्यावर ‘बाई’ फक्त तिलाच लावलेलं. बाकीच्या नुसत्या शैला, नुसत्या चंपा.

दुसऱ्या दिवशीही कोरडी कामं. दुसऱ्या आठवड्यातही. दुसऱ्या महिन्यात तिनं विचारलं, “बाई, मला फोडणी कवा?”

“अहो, तुमचा मसाल्यावर काय हात बसलाय!” बाई म्हणाल्या. “धने भाजताना तुम्ही नसलात तर माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

खोटं नव्हतं ते. तिखट कांडावं, धने भाजावेत, शेंगदाणे कुटावेत, तांदूळ-डाळी निवडाव्यात ते शेवंतानंच. कौतुक तर इतकं की कुणाला वाटावं, हिच्यावाचून वर्ग बुडेल. आणि बडदास्त तर काय सांगावी. तिला तहान लागली की पिंपापर्यंत जाऊच द्यायच्या नाहीत. “बसा बसा, तुम्ही कशाला उठता!” म्हणत बकुळा धावत यायची आणि तिच्या ओंजळीत वरून पाणी घालायची. इतकी सरबराई जावयाचीही कुणी केली नसेल. जावयाला निदान पेला तरी देतात.

कुणी काही बोललं नाही. सहा महिन्यांत एकदाही नाही. एखादीनं तोंडावर वाईट शब्द टाकला असता तर शेवंतानं दोन परत टाकले असते आणि मोकळी झाली असती. तोंडानं ती काही कमी नव्हती. पण कौतुकाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बाई वाईट होत्या म्हणावं तर तेही नाही. ऑगस्टात समितीचा मोर्चा निघाला तेव्हा वर्गातल्या सगळ्या गेल्या होत्या. कमळाबाई पुढे, आणि त्यांचा हात शेवंताच्या हातात. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणता म्हणता बाईंचा दूध घातलेला आवाज पार फाटला. परळ नाक्यावर लाठ्या चालायला लागल्या तशी दोघी धावत एका चाळीच्या जिन्याखाली शिरल्या. दोन तास एकमेकींना चिकटून बसून होत्या. बाईंच्या कपाळाला खरचटलं होतं, ते शेवंतानं आपल्या पदरानं पुसलं. बाईंनी पुसू दिलं. मग पोटात कावळे ओरडायला लागले. शेवंतानं कमरेची पुरचुंडी सोडली, भाकरीचे दोन तुकडे केले, लसणाची चटणी वर ठेवली आणि मोठा तुकडा पुढे केला.

“घ्या बाई.”

बाईंनी भाकरीकडे पाहिलं. मग जिन्याच्या लाकडाकडे पाहिलं. “आज माझा उपास आहे हो.”

तो बुधवार होता. बुधवारी बायका कुठल्या देवाचा उपास करतात, हे शेवंतानं नंतर गंगुबाईला विचारलं. गंगुबाईनं बराच वेळ बोटं मोजली आणि म्हणाली, “असतलो कोणाचो तरी. देवांक काय तोटो!”

शेवंता मात्र शिकत होती. खांबाच्या अलीकडून शिकत होती. मोहरी किती वेळ तडतडते, हिंग पडल्यावर वास कसा वळतो, हळद पडली की तेलाचा आवाज कसा खाली बसतो, कांदा कच्चा असताना काय बोलतो आणि परतल्यावर काय बोलतो, हे सगळं तिनं कानानं आणि नाकानं घेतलं होतं. एक दिवस घरी तिनं पावशेर वाल भिजवले आणि बिरडं केलं. आमसूल, गूळ, नारळाचं दूध, जसं ऐकलं होतं तसं. जगन दोनदा मागून जेवला.

“हे कोणी शिकवलं?”

“कोणी नाय. ऐकलं.”

“ऐकलं म्हंजे?”

“त्या करतात, मी पलीकडं बसून ऐकते.”

जगनचा हात ताटातच थांबला. मग तो म्हणाला, “माझ्या बापाला साचेखात्यात कापड विणायला घेत नव्हते. का, म्हाइताय? धोट्यातला धागा विणकरानं तोंडानं ओढून घ्यायचा असतो. बापानं ओढला, तर पुढच्या पाळीच्या विणकरानं तोंड कुठं लावायचं? म्हणून जन्मभर सुताकडं ठेवला. त्याचा हात चालायचा, तोंड चालायचं नाय.” मग त्यानं विचारलं, “तुझं काय चालतं तिथं?”

“हात,” शेवंता म्हणाली. “कोरडा असला तर.”

“मग कँटीनात तुला काय काम देणार? इचारलंस का बाईंना?”

तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बाईंनी पुन्हा मसाल्याचं कौतुक केलं असतं, आणि ते ऐकून घेण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. तेव्हापासून मात्र तिच्या हातांना चैन नव्हतं. बसल्या जागी पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची. सुपाची कड खरवडायची. रात्रशाळेतली अक्षरं मांडीवर गिरवायची. कँटीन मिळायला हवं होतं, आणि मिळालं तर तिथंही एक खांब असेल, अशी भीती होती. दोन्ही एकदमच.

आजही फळ्यावर तेच. बिरडं – बकुळा. कोरडी कामं – शेवंताबाई.

साडेदहाला बिरड्याचा मोठा टोप चुलीवर रटरटत होता. साठ माणसांचा टोप, दोघींनी मिठी मारली तर हाताला हात लागणार नाहीत असा. बकुळा, प्रभादेवीची, लहान वयात विधवा झालेली, कुणी शिंकलं तरी दचकणारी पोर. आज तिच्यावर हा टोप. ती पाणी आणायला नळावर गेली. गंगुबाई खांबाजवळून उठली, टोपाशी गेली, आत डोकावून बघितलं. मिठाच्या बरणीत हात घातला, घसघशीत मूठ भरून टोपात सोडली. “ह्या पोरगीच्या लक्षात काय रवता?” असं टोपालाच सांगितलं, हात पदराला पुसला आणि परत येऊन बसली.

बकुळा नळावरून आली. ओठ हलवत काहीतरी मोजत होती. तिनं बरणी उघडली, एक मूठ, मग अर्धी मूठ, अगदी जपून, देवाला फुलं वाहावीत तसं मीठ घातलं, पळीनं ढवळलं.

शेवंतानं दोन्ही पाहिलं. तिच्याशिवाय कुणीच दोन्ही पाहिलं नाही, कारण बाकीच्यांच्या हाताला काम होतं.

तिचं तोंड उघडलं होतं. पण गेल्याच आठवड्यात ती शैलाला म्हणाली होती, “अगं, हिंग करपतोय,” तेव्हा सगळ्यांच्या पळ्या जागच्या जागी थांबल्या होत्या. आणि गंगुबाई म्हणाली होती, “जिच्या हातात पळी, तिका कळता.” ते आठवलं आणि तिचं तोंड आपोआप मिटलं.

होऊ दे, तिच्या मनात आलं. ज्यांच्या हातात पळी त्यांना कळेल. कळेल तेव्हा कळेल. साठ माणसं पहिल्या घासाला तोंड वाकडं करतील, साहेब पाण्याचा पेला उचलेल, आणि मी इथं बसून खडे वेचीन.

तिनं एक दाणा उचलला. तो खडा नव्हता. तिनं तो परत टाकला, पुन्हा उचलला. बाहेर हातगाडी येऊन थांबली आणि गाडीवाला गुणाजी दारात डोकावला. म्हातारा, पण आवाज भोंग्यासारखा. “बायांनो, अर्ध्या घंट्यात टोप गाडीवर पायजे! साडेअकराला तिकडं साहेबाची बाय गिरणीतल्या देवीला नैवेद्य दाखवणार हाय!”

तिकडं. त्याच गिरणीच्या दारात आज सकाळीही जगन उभा राहिला होता. आत घेतलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

शेवंता सूप बाजूला ठेवून उभी राहिली.

“बाई, बिरड्यात मीठ दोनदा पडलंय.”

कमळाबाई ताटं मोजत होत्या. आकडा तसाच हवेत राहिला. “काय म्हणता?”

“आधी गंगुबाईंनी घातलं. मग बकुळानं.”

“मी खंय घातलंय?” गंगुबाई उसळली. मग आवाज खाली आला. “घातलंय चिमटीभर.”

“मूठभर,” शेवंता म्हणाली. “आणि तुमची मूठ आम्हाला म्हाइताय.”

“पण फळ्यावर माझं नाव होतं,” एवढंच बकुळा म्हणाली आणि रडायला लागली.

सगळ्या टोपाभोवती जमल्या आणि आत बघू लागल्या. मीठ काय दिसणार? कमळाबाईंचा चष्मा वाफेनं धुरकटला, तरी त्या बघत होत्या. “दिसायला तर छान आहे,” त्या म्हणाल्या.

कारण चाखायचं नव्हतं. बाईंच्या वर्गाचा हा पहिला नियम होता. नैवेद्याआधी जिभेला लागलेलं अन्न उष्टं. बाईचा अंदाज डोळ्यांत असतो आणि मुठीत असतो, जिभेत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बायांना ते नवं नव्हतं. प्रत्येकीच्या सासूनं ते आधीच सांगून ठेवलं होतं, काहींच्या सासूनं पळी उगारून.

“बटाटे टाका,” चंपा म्हणाली. “कणकेचे गोळे सोडा. खारटपणा ओढून घेतात.”

“किती सोडायचे?” शैला म्हणाली. “नारळाचं दूध किती घालायचं? नसलं खारट, तर पुचाट होईल सगळं.”

“नैवेद्य हयसरच दाखवून टाका,” गंगुबाईनं तोडगा काढला. “अन् मगे चाखा.”

“आणि खारट असला तर?” कमळाबाई म्हणाल्या. “शंका आलेली असताना देवीपुढे खारट ठेवायचं? जाणूनबुजून?”

टोप रटरटत होता. एकदा आटलं की आणखी खारट होणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून चंपानं दोन लाकडं बाहेर ओढली, मग भात राहिलाय हे आठवून एक परत आत सारलं. बाहेर गुणाजी गाडीच्या लाकडावर बोटांनी ताल धरत होता.

“मी चाखते,” शेवंता म्हणाली.

ती खांब ओलांडून आत आली होती. केव्हा आली, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“मला नैवेद्य नाय, उष्टं नाय. देवदेव सगळं सोडलंय आम्ही. तुमचा नेम मोडत नाय. घरी मी बिरडं केलंय, अंदाज हाय मला, किती दूध लागेल ते सांगते. टोपाला हात लावत नाय. माझ्या तळव्यावर थेंबभर वरनं घाला. पाणी घालता तसं.”

त्या खोलीत देवाला बांधील नसलेली जीभ एकच होती, आणि ती हिची होती. प्रत्येकीला हे समजलं. आणि जी ती दुसरीकडे बघू लागली. शैला चुलीतली लाकडं सारखी करू लागली; ती सारखीच होती. चंपाला एकाएकी पदर खोचायची गरज भासली. बकुळा रडायची थांबली, पण तोंड पदरातच ठेवलं. गंगुबाई, जिला दर गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचं, ती स्वतःची झिजलेली नखं पाहत होती.

शेवटी कमळाबाई बोलल्या. दूध घातलेलाच आवाज, थोडा पातळ झालेला. “तुम्ही कशाला त्रास घेता, शेवंताबाई? तुम्ही आपलं ते मसाल्याचं...”

“मसाला संपला, बाई.”

“मग तांदूळ...”

“निवडून झाले. दोनदा झाले. शेंगदाणे कुटले, तिखट कांडलं, धने भाजले.” शेवंता बोलत होती आणि तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे हात स्वस्थ आहेत. “कोरडं सगळं संपलं. आता या खोलीत जे उरलंय ते ओलं हाय.”

“शेवंताकाकी, चाखा ना हो,” बकुळा पदरातून म्हणाली. “मी घालते हातावर. माझी नोकरी जाईल.”

“माझी पण जाईल, बकुळा. माझा माणूस त्याच गिरणीच्या दारात उभा असतो.” शेवंतानं तळवा पुढे केला नाही. तिनं मूठ मिटून घेतली. “चाखते. पण आधी मला एक सांगा. जूनपास्नं मी खांबाच्या पलीकडं का बसले?”

“अहो, कौतुकानं...” चंपा पुटपुटली.

“कौतुक ऐकलं. सहा महिने ऐकलं. आता दुसरं काय असेल ते सांगा. एकीनं तरी सांगा. मग मी चाखते आणि बिरडं सुधारून देते. नाय सांगितलं तर तसंच चढवा गाडीवर.”

“ओ बायांनो!” बाहेरून गुणाजी. “भोंगा वाजंल आता! टोप देताय का रिकामी गाडी नेऊ?”

गंगुबाईनं नखांवरची नजर उचलली. “मी सांगतंय,” ती म्हणाली. “हयां सगळ्यांक म्हायत असा. तुका पण म्हायत असा. बाय माझी, तुझ्या हातचा...”

“तुम्ही नाय, गंगुबाई.” शेवंतानं तिला मधेच थांबवलं, पण रागानं नाही. “तुम्ही परात ओढून घेता, ती उघड ओढता. तुमच्यावर माझा राग न्हवताच. फळ्यावर ज्या लिवतात त्यांनी सांगावं.”

सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. बाईंचं अक्षर सुरेख होतं. ‘शेवंताबाई’मधला शे तर मोत्यासारखा.

कमळाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या कपाळावर, लाठ्या चालल्या होत्या त्या दिवसाचा व्रण अजून बारीक पांढरा दिसत होता. चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या, पुन्हा पुसल्या, डोळ्यांवर लावल्या नाहीत. हातावरची खडूची भुकटी पदराला लागली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बिरड्याला मोठा बुडबुडा आला आणि फुटला.

“शेवंताबाई, त्या बुधवारी माझा उपास नव्हता,” त्या म्हणाल्या.

एवढ्यावर भागणार नव्हतं, हे शेवंतानं नुसतं उभं राहून सांगितलं.

“तुमच्या जातीमुळे,” कमळाबाई म्हणाल्या. आवाजात दूध कुठंच नव्हतं. “तुम्ही शिजवलेलं, तुमचा ओला हात लागलेलं इथं कुणी खाल्लं नसतं. म्हणून तुम्हाला कोरड्याला बसवलं. बाकीच्या बाया वर्ग सोडून जातील, त्यांच्यासाठी करावं लागतंय, असं मी माझ्या मनाला रोज सांगायची, फळ्यावर लिहिताना. पण त्यांचं नाव कशाला पुढे करू? मीच खाल्लं नसतं.”